जास्तीची दोन पाती

विमान सुखरूप उतरलं. प्रवाशांना एवढंच कळलं होतं की उजव्या पंखाखाली काहीतरी धाडकन वाजलं आणि त्या बाजूचा आवाज थांबला. वैमानिकाने राहिलेल्या इंजिनावर विमान परत आणलं. कुणाला खरचटलंही नाही. पण बंद पडलेलं इंजिन ट्रकवरून वर्कशॉपच्या दारात उतरलं, तेव्हा वहिनींनी आधी त्याचा नंबर वाचला. हे इंजिन याच वर्कशॉपने उघडून, नवे भाग बसवून, काही महिन्यांपूर्वी पाठवलं होतं. पाठवण्याआधी त्याच्या आत शेवटची नजर टाकली होती ती वहिनींनी.

त्या इंजिन तपासनीस होत्या. वहिनी हे नाव त्यांना त्यांच्या धाकट्या दिरामुळे पडलं. दीर तिथेच स्टोअर सांभाळायचे. नोकरीच्या पहिल्याच दिवशी ते सगळ्यांसमोर "वहिनी, डबा घरीच राहिला तुमचा" असं म्हणाले आणि दुपारपर्यंत अख्खं वर्कशॉप त्यांना वहिनी म्हणू लागलं. वहिनींनीही सव्याज परतफेड केली. त्या चारचौघांत त्यांना भाऊजी म्हणायच्या, मग तेही सगळ्यांचे भाऊजी झाले.

इंजिनाच्या अंगावर तपासणीसाठी बारीक भोकं ठेवलेली असतात. वहिनींनी त्यातल्या एकाचा बोल्ट काढून करंगळीहून बारीक नळी आत सारली. नळीच्या टोकाला दिवा आणि कॅमेरा. एक मेकॅनिक बाहेरून आतलं चाक हळूहळू फिरवत होता आणि पडद्यावर टर्बाइनची पाती एकामागून एक सरकत होती. मागे सातआठ जण घोळका करून उभे होते. पाती आली, गेली, मग ठेचाळलेली आली, कडा उडालेली आली आणि मग एका जागी पातंच नव्हतं. बुंध्याशी नुसता खुंट.

"थांब," वहिनी म्हणाल्या.

तुटलेला तुकडा मागच्या पात्यांवर आपटत बाहेर गेला होता, हे सांगायला कुणाची गरज नव्हती. वहिनींनी सवयीने मागे वळून पाहिलं. असं काही असलं की भाऊजी हमखास येऊन उभे राहायचे आणि काहीतरी फालतू विनोद करायचे. आज ते नव्हते.

"भाऊजी कुठेत?"

"स्टोअरला आतून कडी आहे," मेकॅनिक म्हणाला. "मघाशी मी हाक मारली, ओ दिली नाही."

वहिनींना ते खटकलं. खटकलं एवढंच. अजून त्याला दुसरं नाव देण्याची वेळ आली नव्हती.

घरी सगळे एकत्र राहायचे. खाली वहिनी, त्यांचे यजमान आणि सासूबाई. वर भाऊजी आणि जाऊबाई. जेवण खालीच, एका टेबलावर. सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून घरात कुणाची धडगत नव्हती. कोपऱ्यातली जळमटं, शर्टाचं तुटकं बटण, कुणाच्या ताटात काय उरलं, सगळं त्यांना लख्ख दिसायचं.

"हा जेवत नाहीये," त्या भाऊजींकडे बोट दाखवून म्हणाल्या.

"भूक नाही," भाऊजी म्हणाले आणि उठले.

जिन्यावरचे त्यांचे पाय ऐकू येईनासे झाल्यावर सासूबाईंनी वहिनींकडे मोर्चा वळवला. "तुमच्याकडे काय मोडलंय म्हणे. काय असतं गं त्या इंजिनात? पंखाच ना?"

वहिनींना बोलायची इच्छा नव्हती, पण गप्प बसून विचार करण्यापेक्षा ते बरं होतं. "पुढे मोठा पंखा असतो, आई. तो हवा आत ओढतो. आतली हवा मग लहान लहान पंख्यांच्या रांगांमधून पुढे ढकलत नेतात. जागा आवळत जाते, हवा दाबली जाते. मग तिच्यात इंधन फवारून पेटवायचं. ती तापली की फुगते आणि मागून जोरात बाहेर पडते. ती मागे जाते, म्हणून विमान पुढे जातं."

"आणि पुढचा पंखा फिरवतं कोण?"

यजमानांनी कौतुकाने आईकडे पाहिलं. ते शाळेत गणित शिकवायचे आणि वर्गात असा प्रश्न कुणी विचारत नाही ही त्यांची कायमची तक्रार होती.

"तीच हवा," वहिनी म्हणाल्या. "बाहेर पडायच्या आधी तिच्या वाटेत आणखी काही चाकं असतात. त्यांना म्हणतात टर्बाइन. जाता जाता ती त्यांना फिरवते आणि त्याच दांड्यावर पुढचे पंखे बसवलेले असतात. म्हणजे मागची चाकं फिरली तरच पुढून हवा येणार."

"आगीतच बसवलंय म्हणायचं ते चाक. वितळत नाही?"

"वितळलं असतं. बाहेरचा वायू त्या धातूच्या वितळण्यापेक्षाही गरम असतो. म्हणून प्रत्येक पातं आतून पोकळ करतात आणि त्याला केसाएवढी भोकं पाडतात. त्या भोकांतून त्यामानाने गार हवा बाहेर येऊन पात्याच्या अंगावरून वाहते. तिच्या पांघरुणाखाली ते टिकतं."

"आणि त्यातलंच मोडलं."

"हो."

"वेळेआधी?"

वहिनींनी सासूबाईंकडे पाहिलं. तशी पाती हजारो तास चालतात. हे बसवून वर्षही झालं नव्हतं.

दोन दिवसांनी त्यांना डॉक्टरांनी बोलावलं. डॉक्टर म्हणजे दर्जा विभागाचे प्रमुख. चालत्या इंजिनाचा आवाज ऐकून कुठे दुखतंय ते सांगतात, म्हणून ते नाव. वहिनींना हे काम त्यांनीच शिकवलं होतं. त्यांनी स्वतः उठून खुर्ची पुढे केली, चहा मागवला.

"सरकारी तपास अधिकारी पुढच्या आठवड्यात येतायत," ते म्हणाले. "तुम्ही घाबरू नका. इंजिन तयार झाल्यावर तुम्ही आत पाहिलंत, पाती चकचकीत होती, तुम्ही पास केलंत. कुणीही केलं असतं."

"पातीच खराब निघाली असतील तर?"

"तोच प्रश्न आहे." डॉक्टरांनी कप खाली ठेवला. "कारखान्यातून माल चांगला येतो. आला की स्टोअरमध्ये जातो. मधे काय होतं, देव जाणे." ते थोडं थांबले. "मी कुणाचं नाव घेत नाही. घरचा माणूस आहे, तुम्हाला वाईट वाटेल. पण घरात असता तुम्ही. नजर ठेवा, एवढंच."

वहिनी उठल्या तेव्हा चहा तसाच होता. दाराबाहेर आल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण भाऊजींच्या बाजूने एक शब्दही बोललो नाही.

त्या दिवसापासून त्यांची नजर बदलली. भाऊजी बोलले तर वाटायचं सारवासारव करतायत, गप्प बसले तर वाटायचं लपवतायत. ते स्कूटरच्या डिकीला दोनदा ओढून पाहायचे, बंद आहे का. कामावर वहिनी दिसल्या की दुसऱ्या रांगेतून जायचे. एकदा जेवताना वहिनी सहज म्हणाल्या, "परवा तपास अधिकारी येतायत," तेव्हा त्यांनी मान वर केली आणि वहिनींकडे एकटक पाहिलं. त्या नजरेत भीती होती हे कळलं. कुणाची भीती, ते कळलं नाही.

यजमानांना सांगावं असं बऱ्याचदा ओठावर आलं. पण सख्खा भाऊ. आणि सांगायचं तरी काय? तो जेवत नाही?

रविवारी दुपारी जाऊबाई सासूबाईंना घेऊन दवाखान्यात गेल्या, यजमान पेपर तपासत खाली बसले होते आणि भाऊजी बाहेर पडले होते. पायी. स्कूटरची किल्ली वर खिळ्याला होती. वहिनी वाळलेले कपडे घेऊन वर गेल्या. कपडे पलंगावर ठेवले आणि किल्ली खिशात टाकून मागच्या जिन्याने उतरल्या. डिकीत पाने होते, फडकं होतं, बाकी काही नाही. हायसं वाटायला हवं होतं. उलट त्या परत वर गेल्या आणि त्यांनी कपाट उघडलं.

जावेच्या साड्यांना हात लावताना त्यांना स्वतःचीच शिसारी आली. तरी हात थांबला नाही. सगळ्यात खालच्या खणात, थंडीच्या कपड्यांमागे, जुन्या बनियनची एक गुंडाळी होती. उचलली तेव्हाच वजनावरून त्यांना कळलं. आत टर्बाइनची दोन पाती होती, तळहाताएवढी, प्रत्येक वेगळ्या पाकिटात बंद.

त्या तशाच पलंगावर बसल्या. किती वेळ गेला कुणास ठाऊक. दारात पावलं वाजली आणि भाऊजी आत आले.

त्यांनी पलंगावरचं बनियन पाहिलं. दार लोटून घेतलं.

"सापडली तुम्हाला," ते म्हणाले.

"हेच का ते, भाऊजी? चांगला माल बाहेर, आणि इंजिनात कचरा? वर माणसं बसलेली असतात त्या विमानात."

भाऊजी खुर्ची ओढून बसले. "मला वाटलं, तुम्ही विचाराल की मी का लपवली. तुमच्यासाठी लपवली."

"माझ्यासाठी?"

"नाटक करू नका वहिनी. मी दादालाही सांगितलेलं नाही. घरातली गोष्ट घरातच राहू दे म्हणून तर तुम्हाला टाळत होतो."

वहिनींना क्षणभर काही उमजेना. मग उमजलं आणि कानशिलं तापली. समोरचा माणूस इतके दिवस त्यांनाच चोर समजत होता.

"नीट सांगा," त्या म्हणाल्या. "सुरुवातीपासून."

भाऊजींनी सांगितलं. त्या इंजिनासाठी पात्यांचा सेट आला होता. असेंब्लीवाल्यांनी नेला, दोन जास्तीची उरली. बऱ्याच दिवसांनी फळी आवरताना त्यांनी ती हातात घेतली, तर पाकिटाची कड वाकडी. "आपल्या पॅकिंग मशीनची वाकडी येते तशी. कारखान्याचं पाकीट तसं नसतं. म्हणजे कुणीतरी इथेच बंद केलेलं. आणि आलेल्या मालाच्या तपासणीच्या चिठ्ठीवर शिक्का कुणाचा, तर तुमचा. मी काय समजायचं? ओरडलो असतो तर तुम्ही अडकला असतात. गप्प बसलो तर झोप लागेना. मग घरी आणून ठेवली. आणि ते इंजिन तसं फुटून आलं, तेव्हा मी स्टोअरची कडीच लावून घेतली."

"कधी आला होता तो माल?"

"आईच्या डोळ्यांच्या वेळी. मी दवाखान्यातून सरळ कामावर आलो, तेव्हा पेट्या आलेल्या होत्या."

"मी तेव्हा रजेवर होते ना, भाऊजी. आईंपाशी मीच होते. तुम्हीच तर मला डबा आणून द्यायचात."

भाऊजींचा हात हनुवटीवर गेला तो तिथेच राहिला.

"शिक्का?" ते म्हणाले.

"रजेवर जाताना तो बरोबर नेत नाहीत. डॉक्टरांच्या टेबलाच्या खणात कुलपात ठेवून जायचा."

खाली यजमान कुठल्याशा पोराच्या उत्तरावर एकटेच हसत होते. वहिनींना वाटलं, सगळं जुळतंय. आणि लगेच दुसरा विचार आला की जुळवूनही सांगता येतं. वाकडं पाकीट भाऊजीही बनवू शकतात. ते मशीन स्टोअरच्या शेजारीच आहे. त्यांनी वर पाहिलं तर भाऊजी त्यांच्याकडेच पाहत होते, अगदी तसाच हिशोब करत.

"तुमचा विश्वास बसला माझ्यावर?" त्यांनी विचारलं.

"अर्धा," वहिनी म्हणाल्या. "तुमचा?"

"तेवढाच."

त्यातल्या त्यात ते बोलणं खरं होतं, म्हणून दोघांनाही जरा धीर आला. ठरलं असं की पाती तपास अधिकाऱ्यांच्या हातात द्यायची. पण चोरून, बाहेर गाठून नाही. सगळ्यांसमोर. आणि तोवर एक पातं वहिनींकडे, एक भाऊजींकडे.

तपास अधिकारी म्हणजे एक किरकोळ अंगाच्या बाई निघाल्या. सर्दी झालेली, नाक पुसत पुसत त्या इंजिनाभोवती फिरत होत्या. डॉक्टर त्यांच्या शेजारून चालत प्रत्येक भाग समजावून सांगत होते. भाऊजी स्टोअरमधून निघाले, वहिनी आपल्या टेबलापासून. दोघं इंजिनाच्या दोन बाजूंनी एकाच वेळी पोचले आणि बाईंसमोरच्या ट्रॉलीवर दोन पाकिटं पडली.

"हे काय?" बाईंनी विचारलं.

"त्याच सेटमधली उरलेली," वहिनी म्हणाल्या.

"कुठे होती?"

"माझ्या घरी," भाऊजी म्हणाले. "मी उचलून नेली होती."

घोळक्यात कुजबुज झाली. डॉक्टरांनी मान हलवली, दुःखाने हलवावी तशी. "मी यांना सुचवलं होतं," ते बाईंना म्हणाले, "पण घरच्या माणसाबद्दल बोलायला जड जातं. आता निदान कबूल तरी केलंय."

बाईंनी ते ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. एक पाकीट कापलं, पातं हातमोज्यावर घेऊन खिडकीकडे धरलं. "दिसायला तर नवं आहे," त्या म्हणाल्या.

"नवंच आहे," डॉक्टर म्हणाले.

"मग कापून बघू."

"एवढ्याची गरज आहे का? मोजमाप घ्या. अगदी काट्याला काटा जुळेल."

"मोजमाप जुळवता येतं," बाई म्हणाल्या आणि त्यांनी रुमाल काढला.

वहिनी डॉक्टरांकडे पाहत होत्या. इतक्या वर्षांत त्यांनी या माणसाला तपासणीला नको म्हणताना कधी ऐकलं नव्हतं. एक जास्तीची तपासणी करा, असंच ते म्हणायचे; त्यांनी वहिनींना तेच तर शिकवलं होतं. भाऊजींवरचा उरलेला अर्धा विश्वासही तिथे बसला.

प्रयोगशाळेचं उत्तर यायला आठवडा लागला. तो कसा गेला ते न सांगितलेलंच बरं. भाऊजींना कामावर येऊ नका म्हणून सांगितलं होतं. यजमानांना आता सगळं कळलं होतं आणि ते पहिल्यांदाच वहिनींवर रागावले होते. भावावर संशय घेतला म्हणून नाही; सांगितलं नाही म्हणून. जाऊबाई ताटं वाढायच्या, पण वहिनींच्या ताटापाशी आल्या की बोलायच्या नाहीत.

बाईंनी स्वतः येऊन निकाल सांगितला, वर्कशॉपच्या मधोमध, एका स्टुलावर बसून. हे पातं एका अखंड स्फटिकाचं ओतलेलं असतं. नव्या धातूत सूक्ष्मदर्शकाखाली बारीक चौकोनी कण दिसतात, फरशा बसवल्यासारखे. इंजिनात ते चाक इतक्या वेगाने फिरतं, की एकेका पात्याला भरलेला ट्रक टांगल्यासारखी ओढ बसते, तेही त्या आगीत. वर्षानुवर्षं असं झालं की पातं किंचित लांबतं आणि आतले चौकोन पसरून एकमेकांना जुळतात, त्यांच्या पट्ट्या होतात. टोक घासून लांबी पुन्हा बरोबर करता येते. वरचा थर नवा चढवता येतो. आतल्या पट्ट्यांचे चौकोन करता येत नाहीत.

"दोन्ही पात्यांत पट्ट्या आहेत," बाई म्हणाल्या. "आयुष्य संपलेली पाती आहेत ही. भंगारात जायला हवी होती."

भंगारात काढलेली पाती तोडून टाकायचं काम दर्जा विभागाकडे होतं. ती तोडायच्या वेळी हजर राहून खात्री करणारे होते डॉक्टर. पुढचं सगळं फार भराभर झालं. ती पाती घासून, मुलामा देऊन परत आणणारा बाहेरचा माणूस गाठला गेला. त्याने पहिल्याच बैठकीत तोंड उघडलं: नवी पाती बाहेर विकली जायची आणि त्यांच्या जागी ही यायची. तसल्या पात्यांची आणखी दोन इंजिनं विमानांवर उडत होती. ती त्याच दिवशी उतरवली.

डॉक्टरांना पोलिसांनी नेण्यापूर्वी ते आपल्या खोलीत बसले होते. वहिनी दारात गेल्या. त्यांना विचारायचं होतं पुष्कळ, पण तोंडून निघालं, "माझाच शिक्का का?"

"तुमच्या शिक्क्यावर कुणी शंका घेत नाही, म्हणून," डॉक्टर म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीसारखाच समजूतदार होता. "आणि मनाला लावून घेऊ नका. तुम्ही रजेवर नसता तरी तुम्हाला ती कळली नसती. डोळ्याला कळण्यासारखं काही ठेवलंच नव्हतं."

हे खरं होतं आणि तेच वहिनींना सगळ्यात जास्त लागलं.

भाऊजींना माल घरी नेल्याबद्दल ताकीद मिळाली आणि स्टोअरमधून काढून चाचणी विभागात टाकण्यात आलं. त्यांना ते आवडलं. जाऊबाईंचं मात्र बराच काळ ठीक झालं नाही. "ह्यांच्यावर संशय घेतलात ते एक वेळ विसरेन," त्या एकदा भांडी विसळताना म्हणाल्या, "पण माझ्या साड्यांतून हात फिरवलात तुम्ही." वहिनी म्हणाल्या, "हो, फिरवला." मग त्यांनी विसळलेली भांडी पुसायला घेतली आणि जाऊबाईंनी ती घेऊ दिली.

ते इंजिन पुन्हा बांधायला चार महिने लागले. या वेळी सेटमधलं एक पातं बसवण्याऐवजी कापायला पाठवायचं, असा हट्ट वहिनींनी धरला होता. वरच्यांनी खर्चाचं कारण सांगितलं. वहिनी हटल्या नाहीत. चाचणीच्या सकाळी त्या जाड काचेमागे भाऊजींच्या शेजारी उभ्या राहिल्या. पलीकडे इंजिन लोखंडी चौकटीला टांगलेलं. आधी पंखा नुसता सुस्तपणे फिरला, मग आत ज्योत धरली, काटे चढू लागले आणि भिंतीतून, जमिनीतून तो आवाज पायांत शिरला.

भाऊजी काट्यांवरून नजर न काढता म्हणाले, "कापलेल्याचं काय आलं?"

"चौकोन."

"स्वतः पाहिलेत?"

"प्रयोगशाळेत जाऊन पाहिले."

भाऊजींनी मान डोलावली. जरा वेळाने म्हणाले, "तो फोटो असेल ना तुमच्याकडे? मलाही बघायचाय."

वहिनींनी मोबाइल काढला आणि त्यांच्या हातात दिला. भाऊजींनी तो काचेजवळ उजेडात धरला, बोटांनी मोठा केला आणि एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सावकाश पाहिला. मग त्यांनी इंजिनाचा वेग एक पायरी वाढवला.